बुधवार बाजारामागची सीगल

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. “यंदाचा विषय आहे, पत्ता चुकलेल्या वस्तू. नागपुरातून तुम्ही लिहा, पण संत्र्यांवर नको,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मेथी पिशवीत टाकली आणि तसाच मागच्या गल्लीत वळलो. पत्ता चुकलेली एक वस्तू मला आधीपासून ठाऊक होती. तीन महिन्यांपूर्वी भाच्याची लुना दाखवायला गेलो होतो, तेव्हा ती पाहिली होती आणि तिथून पाय निघत नव्हता.

पत्र्याचं गॅरेज. बाहेर दोन लुना, डिक्की उघडी पडलेली एक चेतक, दोरीने बांधून ठेवलेला जनरेटर. आत सागवानी पाटीवर शिकंज्याने आवळलेलं एक यंत्र छातीएवढ्या उंचीवर उभं. डोक्यावर ताटाएवढी लोखंडी चकती, तिच्याशेजारी गोल पितळी टाकी, खाली लांबलचक नळी आणि नळीच्या शेवटाला पंखा. होडीचं इंजिन. ज्या मुंबईत अशी इंजिनं शोभली असती ती इथून रस्त्याने आठशे किलोमीटर.

गॅरेजवाले काका सत्तरीच्या पुढचे. हातातला पेचकस न ठेवता म्हणाले, “भंगारवाला पितळेचा भाव लावून राहिला होता, म्या लोखंडाचा लावला. मंग मधात कुठंतरी तुटलं.”

“पण घेतली कशाला काका? इथे चालवणार कुठे?”

“चालवाले कोण म्हणते? चालू कराले घेतली.”

वर लुना, खाली कूलर

अशा इंजिनाला सगळे ‘आउटबोर्ड’ म्हणतात. कोकणात आणि सरकारी कागदांत ‘ओबीएम’. होडीच्या पोटात न बसवता तिच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं, म्हणून हे नाव. काम झालं की उचलून खांद्यावर टाकून घरी न्यायचं. सुकाणू वेगळं लागत नाही. अख्खं इंजिनच दांड्याने डावी-उजवीकडे फिरवलं की होडी वळते.

नागपूरकरांनी अशा इंजिनाचा आवाज घरात बसून ऐकला तो 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे. रात्रीतून चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं रबरी बोटी घेऊन अंबाझरीच्या खालच्या गल्ल्यांतून फिरली. समुद्र नसलेल्या गावाशी ओबीएमचा संबंध येतो तो असा, पुरातच. एरवी आपल्याकडे होडीला बांबू पुरतो.

काकांनी मला हे यंत्र समजावलं ते मात्र पुराच्या नव्हे, बाजाराच्या भाषेत. “वरचा अर्धा भाग लुना. खालचा अर्धा भाग कूलरचा पंप. मधात नळी. संपलं.”

हे शंभर टक्के खरं नाही, पण नव्वद टक्के आहे. लुनासारखंच हे टू-स्ट्रोक. यात झडपा नाहीत; पिस्टन पुढे-मागे होतानाच सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतो-झाकतो. वंगणाची वेगळी टाकी नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. फरक एवढाच की इथे क्रँक उभा असतो आणि सिलिंडर आडवा पडलेला. क्रँकला जोडलेला दांडा नळीतून खाली पाण्यात उतरतो, तिथे दोन दातेरी चक्रं काटकोनात भिडतात आणि पंखा फिरतो. त्याच दांड्यावर एक छोटा पंप तळ्याचं पाणी वर ओढून सिलिंडरभोवती खेळवतो. हवेने थंड होणाऱ्या लुनाला हे सुख नाही.

1972 साली फिरोदियांची लुना आली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं नागपूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात टू-स्ट्रोक उघडणारा एक माणूस तयार झाला. त्याच काळात घराघरांत कूलर आले आणि दर मार्चमध्ये पंप-मोटारी उघडणारा दुसरा. होडीचं इंजिन कधीही न पाहिलेल्या गावात ते दुरुस्त करायला लागणारे सगळे हात असे आयतेच घडले होते. मला या गोष्टीची गंमत इंजिनापेक्षा जास्त वाटते.

आइस्क्रीम आणि युद्ध

या यंत्राची एक जन्मकथा अमेरिकेत आवडीने सांगतात. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला कारागीर मिलवॉकीला राहायचा. उन्हाळ्यात तळ्याच्या बेटावर सहल, भावी पत्नी बेस हिला आइस्क्रीम हवं झालं, हा गडी वल्ही मारत गेला आणि परत येईतो आइस्क्रीमचं सरबत. 1909 मध्ये त्याचं इंजिन विक्रीला आलं, दीड अश्वशक्तीचं. त्याच्याही आधी कॅमेरून वॉटरमन नावाच्या माणसाने असं इंजिन विकायला काढलं होतं. पण त्याच्या गोष्टीत आइस्क्रीम नाही, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही.

काकांच्या इंजिनाचं नाव सीगल, आणि ती मात्र इंग्रज आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल गावची. दुसऱ्या महायुद्धात आरमारासाठी ही इंजिनं हजारोंनी बनली, कारण ती ओबडधोबड होती: कमी भाग, जाड ओतकाम आणि चिखलातही सुरू होण्याचा स्वभाव. युद्धानंतर तोच ठोकळेबाजपणा शांततेत विकला गेला, नव्वदच्या दशकात कारखाना थांबेपर्यंत. काकांचं इंजिन पितळी टाकीवरून आणि आतल्या सामानावरून पन्नासच्या दशकातलं दिसतं.

हत्यारांचा प्रश्न

पहिला अडथळा गंजाचा नव्हता. पान्यांचा होता.

बारा-तेराचा पाना लावला की ढिला, अकराचा जात नाही. इंची पाना लावला तर तोही कोपऱ्यावरून घसरतो. इंग्रजी बनावटीच्या जुन्या यंत्रांवर व्हिटवर्थ पद्धतीचे नट-बोल्ट असतात. त्यांच्या आट्यांचा कोन 55 अंशांचा, आपल्या मिलिमीटरवाल्यांचा 60. दिसायला सारखे, बसवायला गेलात की दोन फेऱ्यांत आटे खलास. काकांचे वडील मोतीबागेच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. छोट्या लाइनची इंजिनं तिथे दुरुस्त व्हायची. आता त्याच मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. वडिलांच्या पेटीत जाड, काळे, इंग्रजी आकड्यांचे सात पाने होते. काकांनी ते चाळीस वर्षं वापरले नव्हते आणि भंगारातही दिले नव्हते. त्यातले चार या इंजिनाला बसले.

नंतर पिस्टन. तो सिलिंडरात घट्ट चिकटलेला. अशा वेळी नवशिका प्लगच्या भोकातून लोखंडी सळई घालून ठोकतो आणि पिस्टनला भोक पाडतो. काकांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि टू-टी तेल ओतलं आणि इंजिन कोपऱ्यात आडवं ठेवून दिलं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता रॉकेल शोधून मिळत नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना चकती हाताने जराशी हलवून बघायची, हलली नाही तर आणखी दोन चमचे. नवव्या दिवशी ती केसभर सरकली. “तिले वाटलं पायजे का आपणच फिरलो,” काका म्हणाले.

चकती काढणं हा वेगळाच सोहळा. ती निमुळत्या दांड्यावर दाबून बसलेली असते आणि तिच्या आत लोहचुंबक. हातोडी मारली तर दांडा वाकतो, शिवाय चुंबकाचा जोरही कमी होतो. पुलर लावायचा, ताण द्यायचा आणि सोडून चहाला जायचं. चहा अर्धा झाला असताना आतून ‘टण्’ असा आवाज आला आणि काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

चकतीखालच्या पाटीवर ‘व्हिलियर्स’ असं कोरलेलं निघालं तेव्हा मात्र ते खुलले. एनफिल्डची शेर्पा ही मोटरसायकल व्हिलियर्सच्या इंजिनावर चालायची आणि काका उमेदवारी करत होते ती शेर्पा दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे. पॉइंट त्यांनी एमरी पेपरच्या पट्टीने घासले आणि फीलर लावून वीस थाऊवर, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशांवर, बसवले. आकडा कुणाला विचारावा लागला नाही. कंडेन्सर मेलेला, तिथे लुनाचा बसला.

कॉइलने दमवलं. तिच्यातली बारीक तार केसाएवढी आणि वेढे हजारोंनी. कूलरच्या मोटारी भरणाऱ्या दोघांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, भरायची कशाला, आधी वाळवून तर बघा. सत्तर वर्षांची ओल आत बसलेली असते आणि करंट वाट चुकतो. मग मे महिन्याच्या उन्हात ती कॉइल गॅरेजच्या पत्र्यावर चार दिवस पडून होती, रात्री व्हार्निशमध्ये बुचकळायची, सकाळी पुन्हा पत्र्यावर. नागपूरच्या उन्हाचा असा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला. पाचव्या दिवशी शटर खाली ओढून, अंधार करून, प्लग अंगाला टेकवून चकती फिरवली. निळी ठिणगी. लुनात असते तेवढी जाड नाही, पण निळी.

या हवेबद्दल काकांचं एक निरीक्षण मला पटलं. किनाऱ्यावरच्या जुन्या इंजिनाला मीठ खातं. ॲल्युमिनियमच्या अंगात बसलेला लोखंडी बोल्ट खाऱ्या पाण्यात असा एकजीव होतो की काढताना अंगच तुटतं. इथे त्याच्या उलट. धातू शाबूत, पण जे जे मऊ ते सगळं गेलेलं: पॅकिंगचा कागद, टाकीच्या कॉकमधलं कॉर्क, तारेवरचं वेष्टन. धातूला आमचा कोरडा उन्हाळा मानवतो, रबराला नाही.

दहाला एक

सीगलच्या क्रँकला बॉल बेअरिंगं नाहीत, रबरी सीलही नाहीत. लांब काशाच्या बुशांत क्रँक फिरतो आणि त्या फटीत तेलाचा जाड थर असला तरच आतला दाब टिकतो. म्हणून जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलमागे एक भाग तेल लागतं. पुढे कारखान्याने पंचवीसला एकवर चालणारी इंजिनं काढली. आपल्या स्कूटरांना त्याहून कितीतरी कमी पुरायचं. दहाला एक म्हणजे लिटरमागे शंभर मिली तेल, निळा धूर आणि मागे पाण्यावर इंद्रधनुष्याची साय. ज्यांना जुनं ते सगळंच सोनं वाटतं त्यांनी या इंजिनामागे पाच मिनिटं बसून बघावं.

घासलेला एक बुश उमरेड रोडवरच्या लेथवर गनमेटलचा नवा काढून घेतला. पंख्याकडच्या गिअरबॉक्सला जाड 140 नंबरचं तेल लागतं, ते ट्रॅक्टरवाल्याकडे मिळालं. तिथेही सील नाही. पाणी थोडं आत येणार, तेल त्यात घुसळून ताकासारखं पांढरं होणार आणि इंजिन त्यावरच चालणार, अशीच रचना आहे. एका उत्साही पोराने ते बंद करायला रबरी सील ठोकण्याचा प्रस्ताव मांडला. काकांनी त्याला बाहेरच्या चेतकचं काम दिलं.

खडकाला पंखा अडकला तर दाते तुटू नयेत म्हणून बऱ्याच जुन्या आउटबोर्डांत एक मऊ पिन असते. ती तुटते आणि गिअर वाचतात. मग भर पाण्यात वाकून नवी पिन बसवत बसा. सीगलवाल्यांनी तिथे जाडजूड स्प्रिंग घातली आहे. पंखा अडला की स्प्रिंग ताण खाते, मोकळा झाला की पुन्हा फिरते. अडाणी वाटेल इतकी साधी युक्ती, पण त्या काळच्या इंजिनांत मला यापेक्षा शहाणी दुसरी दिसली नाही.

पेट्रोल हा नवाच घोळ. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल असलेलं मिळतं आणि त्या धोरणाचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते आमच्याच शहराचे खासदार. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या कॉर्कवरचं लाखेचं लुकण विरघळवतं. कॉकमध्ये नवं कॉर्क घातलं ते आठवड्यात गळायला लागलं. शेवटी उपाय निघाला तो लुनाच्याच कॉकचा. टाकीची चेप इतवारीतल्या भांड्यांच्या कारागिराने आतून ठोकून काढली, चिरेला डाग दिला आणि न सांगता टाकी चिंचेने लखलखीत करून परत पाठवली.

अस्सल म्हणजे काय

त्या लखलखीत टाकीवरूनच वाद झाला. गॅरेजमध्ये अधूनमधून एक गृहस्थ येतात, जुन्या मोटारींचे शौकीन. टाकी बघून त्यांनी कपाळावर हात मारला. सत्तर वर्षांचा काळपटपणा म्हणजेच तिची किंमत होती, ती चिंचेने धुतली गेली. वर लुनाचा कंडेन्सर, लुनाचा कॉक. “याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत, काका. इंग्लंडमधून सुटे भाग मागवता येतात. अजून मिळतात.”

हे खरं आहे. सीगलचा कारखाना बंद पडला तरी तिचे भक्त जगभर आहेत आणि भाग आजही विकले जातात. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मागवा ना. मी काढून देतो लुनाचे.”

ते मागवणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

मी काकांच्या बाजूचा. सीगल बनली ती हाताशी असेल त्याने दुरुस्त व्हावी म्हणून. युद्धात तिच्यात काय काय भाग कुणी बसवले असतील कोण जाणे. पण शौकिनांचं एक म्हणणं मी सोडून देऊ शकत नाही. बदललेला मूळ भाग फेकू नये. आज तो काकांकडे हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत आहे, मेलेल्या कंडेन्सरसकट. ही तडजोड कुणी सुचवली नाही, झाली.

होडी कुठे आहे

इंजिन झालं. होडी?

आमच्या सक्करदरा तलावाचा प्रश्नच नाही. भोसल्यांच्या काळातलं हे पाणी आता भिंतीआड आहे, कडेने फिरणारी माणसं आणि मध्ये जलपर्णी. शिवाय तलाव असो की नदी, यंत्राची होडी सोडायची तर 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणी हवी.

म्हणून एका रविवारी नवेगावबांधला गेलो. गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. कोहळ्यांनी बांधलेल्या अशा माजी मालगुजारी तलावांना कागदोपत्री ‘मामा तलाव’ म्हणतात आणि त्यांतलं पाणी ओळखतात ते धीवर. त्यांचा डोंगा म्हणजे एकाच बुंध्यातून कोरून काढलेली होडी. तसे बुंधे आता मिळणं कठीण, म्हणून कुठे पत्र्याची होडी, कुठे ट्यूब, कुठे थर्माकोलचा तराफा. काठावर पालथा घातलेला एक जुना डोंगा दिसला. दोन्ही टोकं निमुळती. आउटबोर्डला मागे सपाट, उभी, जाड फळी लागते. इथे शिकंजा आवळणार कशाला?

बसलेल्या म्हाताऱ्या धीवराला मी मोबाइलवर सीगलचा फोटो दाखवला. त्याने नीट बघितला.

“आवाज करते?”

“खूप.”

“मंग मासा थांबते का जी?” आणि तळ्याकडे बोट करून, “शिंगाड्याचे वेल आहेत थे. पंख्याले गुंडाळन.”

दोन वाक्यांत एका यंत्राचा निकाल लागला. आउटबोर्ड जिथे रुळलं ती माणसं वेगळी, त्यांना ओहोटीच्या आत खाडी ओलांडायची असते, भरलेली जाळी घेऊन वाऱ्याविरुद्ध घर गाठायचं असतं. कोकणच्या खाड्यांत मी लाकडी होड्यांवर केरोसीनची ओबीएम पाहिली आहेत. सुरू पेट्रोलवर करायची, तापली की केरोसीनवर वळवायची. परतल्यावर पिंपातल्या गोड्या पाण्यात इंजिन चालवून आतलं मीठ धुऊन काढायचं. हा नेम चुकला की पुढच्या वर्षी मेकॅनिकचं घर चालतं. तिथेही लाकूड सरत चाललंय. फायबरच्या होडीला कलाफत लागत नाही, म्हणजे फळ्यांच्या फटींत कापूस ठासून राळ-तेल भरण्याचं दरवर्षीचं काम वाचतं.

लाकडाचं दुःख नागपूरकराला जरा जास्त व्हावं. सागवान आमच्या बाजूचं. बल्लारपूर-आलापल्लीचा साग 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत गेला. जहाजवाल्यांना साग प्रिय तो त्याच्या अंगच्या तेलामुळे. पाणी सोसतो आणि ओकसारखा लोखंडी खिळ्यांना खात नाही. मुंबईत वाडियांनी मलबारी सागाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज 1817 चं आहे आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतंय. सागाच्या देशात बसून मी पंधरा फुटी सपाट पाठीची एक होडी शोधतोय आणि ती सापडत नाही.

ड्रम

चाचणी झाली ती बुधवारीच, बाजार उठल्यावर. दोनशे लिटरचा ड्रम, त्याच्या काठाला आडवी सागवानी फळी, फळीवर सीगल. दहाला एकचं मिश्रण काकांनी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून घातलं. सीगलला किक नाही, स्वतःहून गुंडाळणारी दोरीही नाही. गाठ मारलेली सुटी दोरी चकतीच्या खाचेत अडकवायची, दोन वेढे द्यायचे आणि खेचायची. दोरी सुटून मागे सपकन येते. मागे उभा राहू नको असं मला सांगितलं होतं, तरी राहिलो. कानाला वळ दोन दिवस होता.

चौथ्या खेचीला ती एकदा खोकली. सातव्याला सुरू झाली.

न्यूट्रल नसल्यामुळे पंखा त्याच क्षणी फिरायला लागला आणि ड्रममधलं निम्मं पाणी गल्लीत आलं. निळा धूर पत्र्याखाली साचला. भाजीवाल्या बाया जाता जाता थांबल्या, एकीने विचारलं, “पिठाची चक्की हाय का?” काकांनी सिलिंडरला हात लावला, तिथेच ठेवला. थंड होता, म्हणजे पंप पाणी ओढत होता. चार मिनिटांनी ड्रम रिकामा होत आला तसं त्यांनी पेट्रोल बंद केलं आणि इंजिन आपणहून विझेपर्यंत हात काढला नाही.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ड्रम भरला जातो.

वाचकांपैकी कुणाकडे, विदर्भातल्या एखाद्या शेततळ्यावर, वाड्याच्या मागे, कोकणातल्या आजोळी, जुनी होडी पालथी पडून असेल तर संपादकांमार्फत कळवावं. काका इंजिन देतील, बसवूनही देतील. नोंदणीच्या कागदपत्रांमागे मी धावेन. होडी लाकडाचीच हवी आणि मागून सपाट. गळकी असली तरी चालेल, पाण्यात ठेवली की फळ्या फुगतात.